गानं चालू हाय तवर

सुली अनवानी येताना दिसली तवाच मला कळलं. सुली माझी धाकटी जाव. तिचं घर वाडीच्या त्या टोकाला, माझं ह्या. मी अंगनात तांदूळ पाखडत व्हते. ती बांधावरनं आली, पदर हाताला गुंडाळलेला, तोंड कोरडं. म्हनाली, "बाय, हे उठत न्हायत." मी सूप खाली ठेवलं आनि तिच्या मागनं चालायला लागले. भावजी पडवीत खुर्चीवर बसल्या बसल्या गेले व्हते. चहावर साय धरली व्हती. आता महिना होऊन गेला... पन अजून मी त्या बाजूला बघितलं की वाटतं, परत कुनीतरी अनवानी येईल.

शांताराम भावजी माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तवा ते शाळेत जात व्हते. आमचे मालक लवकर गेले, माझा दिनेश मांडीवर व्हता. मंग जे दिवस काढले ते काढले, त्यात सांगन्यासारखं काय न्हाय. भात लावलं, लोकांच्या वाडीत सुपारी सोलली. भावजी मोठे झाले, मुंबईला कुनाची तरी गाडी चालवली, आनि येताना त्याच शेठची जुनी पांढरी गाडी घेऊन आले. वाडीत कुनी आजारी पडलं, कुनाला जेटीवर सोडायचं, तर भावजींची गाडी.

त्या गाडीत कॅसेटचा डेक व्हता. कॅसेटी सगळ्या खराब झाल्या, पन डेक काय काढीनात. म्हनायचे, काढला तर तिथं भोक पडंल, पुढचा दात पडल्यासारखी दिसंल गाडी. मंग अलिबागेवरनं त्यांनी एक कॅसेट आनली, तिच्यात फीत न्हाय, नुसती एक वायर बाहेर आलेली. कॅसेट डेकात घालायची, वायर मोबाईलला लावायची, की मोबाईलातलं गानं गाडीत वाजतं. मी म्हटलं, "भावजी, ही कसली कॅसेट, हिला तर शेपूट आलंय." तर म्हनाले, "वयनी, उंदीर हाय तो. मोबाईलातली गानी कुरतडून आनतो." खड्डा लागला की वायर हलायची आनि गानं एकाच कानाला ऐकू यायचं. मंग भावजी डेकावर एक चापट मारायचे.

पन त्या वायरीचा एक त्रास व्हता. फोन आला की गानं थांबायचं आनि बोलनाऱ्याचा आवाज चारी बाजूनं गाडीत यायचा. मागं अनोळखी पाव्हने बसलेत, पुढं देवाचं भजन चाललंय, आनि मधेच सुली वरडायची, "येताना कोथिंबीर आना, आनि बिडी वढू नका." पाव्हने हसायचे, भावजी कानाच्या पाळीपर्यंत लाल. मीपन हसलेय. पन माझी आई गेली, ती बातमीबी मी त्याच गाडीत ऐकली. गानं थांबलं आनि माझ्या भावाचा आवाज आला. पुढनं, मागनं, दारातनं... कुठं तोंड फिरवायला जागा न्हाय. तवापासनं गाडीत गानं जरा थांबलं, नुसती वायर हलली तरी, माझा हात दाराच्या कडीवर जायचा.

आमी भातशेतीवाले. दर्याशी आमचा संबंध न्हाय. पन दिनेशला गावात काम लागंना, तो बोटीवर खलाशी म्हनून गेला. एका साली परतीच्या पावसात वादळ उठलं. बाकीच्या बोटी आल्या, दिनेशची बोट आली न्हाय. दोन रात्री गेल्या. वारा पडला तसे भावजी गाडी घेऊन दारात आले. म्हनाले, चल, बंदराबंदरावर विचारू. मी बसले. त्यांनी कॅसेट आत ढकलली, वायर लावली, भजन चालू झालं. मी म्हटलं, "आज गानं नको." ते माझ्याकडं न बघताच म्हनाले, "वयनी, गानं चालू हाय म्हंजे फोन जिता हाय. आनि गानं थांबलं न्हाय तवर वाईट काय आलेलं न्हाय. तू नुसती ऐकत बस."

मला ते पटलं. दुसरीपर्यंत शिकलेली बाई मी, मला वाटायचं गानं रेंजमधनंच येतं, फोनसारखं. म्हंजे रेंज हाय, आनि फोन आलेला न्हाय. आगरदांड्याला पोचलो. भावजी वायर काढून मोबाईल खिशात घालून उतरले, म्हनाले विचारून येतो. आले, मान हलवली, वायर लावली, गानं चालू. फेरीबोटीनं पलीकडं दिघीला उतरलो, तिथंबी तसंच. एका गावाला म्हनाले पान खातो, एका वळनावर म्हनाले लघवीला जातो. दर वेळी मोबाईल घेऊन जायचे. आनि त्या वाटंनं मी भजनाचा एकेक शब्द धरून बसले व्हते. एक भजन संपून दुसरं लागायच्या मधी जी जागा असते ना... तेवढ्यात मी मरून परत यायची. माडांच्या मधनं दर्या दिसायचा. शांत व्हता, काय झालंच न्हाय असा. त्याचंच जास्त भ्या वाटायचं.

श्रीवर्धनच्या बंदरावर भावजी उतरले, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीकडं गेले. मला त्यांची पाठ दिसत व्हती. मोबाईल कानाला लावला आनि ते एकदम खाली बसले, मातीत. मला वाटलं, संपलं. मी दाराची कडी धरली पन उतरले न्हाय. उतरले असते तर ऐकावं लागलं असतं. भावजी उठून आले. तोंडावर काय न्हाय, नुसती दगडाची मूर्त. गाडीत बसले, वायर लावायला गेले तर ती भोकात जाईना. मंग डेक टक् वाजला, फोन अजून चालूच व्हता, आनि चारी बाजूनं दिनेश बोलला. "आई, मी हाय. इंजन बंद पडलं व्हतं. दुसऱ्या बोटीनं ओढत रत्नागिरीकडं आनलं."

मी इचारलं, "जेवलास का?"

दुसरं काय सुचलंच न्हाय. भावजी हसायला लागले, आनि हसता हसता चाकावर डोकं टेकून रडले. मी रडले न्हाय. माझे हात कडीवरनं सुटत न्हवते.

हे सगळं मला ठावं व्हतं. जे ठावं न्हवतं ते तेराव्याला सुलीनं सांगितलं. बंदरं फिरलो त्या दिवशी भावजींनी मोबाईलची रेंज बंद करून ठेवली व्हती. गानी मोबाईलातच भरलेली, त्यांना रेंज लागत न्हाय. वायर लावली की रेंज बंद, उतरून लांब गेले की चालू. वाईट बातमी आली तर ती गाडीत यायची न्हाय, आधी त्यांच्या एकट्याच्या कानात यायची. सुली दिवसभर फोन लावत व्हती, लागत न्हवता. रात्री भांडली तर म्हनाले, वयनीला सांगू नकोस, परत माझ्या गाडीत बसायची न्हाय. म्हंजे मी मागं गानं धरून बसले व्हते, आनि तो मानूस दर बंदरावर एकटा भिताडाआड जाऊन फोन चालू करत व्हता. त्याला भ्या वाटलं नसंल? दिनेशला त्यानं खांद्यावर वाढवला व्हता.

गाडी आता सुलीच्या दारात उभी हाय. दिनेश अजून बोटीवर जातो, आतासुद्धा दर्यातच हाय, परवापासनं वारा सुटलाय. घरात फोन एकच, तो मी कमरेला खोचून ठेवते. वाजला की उठते, परसात जाते, शेवग्याच्या पलीकडं, घराकडं पाठ करून. ऐकून झालं की जरा उभी राहते, तोंड नीट करते, मंग आत येते आनि सुनेला सांगते काय ते.

मी बोलते ते सूनच लिहून घेते. इथपर्यंत आली आनि तिचं पेन थांबलं. म्हनाली, "आई, म्हणून तुम्ही परसात जाता?"

मी म्हटलं, तू लिही.