किल्ली आत्याकडे

आमची आत्या कामावरून आली की चपला न काढताच थेट संडासाकडे धावायची. आम्ही भावंडं ओरडायचो, एक्सप्रेस आली, फाटक उघडा. ती आतूनच आमचा उद्धार करायची.

ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर लावते. तिथे बायकांच्या संडासाला कुलूप आणि किल्ली सुपरवायझरच्या गळ्यात, पदक मिळाल्यासारखी. मोकळं ठेवलं तर बायका आत गप्पा मारत बसतात, हे त्याचं संशोधन. जायचं तर हात वर करायचा. तो आधी घड्याळ बघणार, मग तुमच्यापुढचा ढीग, मग अख्ख्या लाइनीला ऐकू जाईल असं विचारणार, "परत?" त्यावर बायकांनी सोपा उपाय काढला होता. पाणीच प्यायचं नाही.

आत्याशेजारी बाह्यांना कफ लावणारी बसायची, पोटुशी. तिला लघवीला जळजळ, मधूनच कणकण. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, भरपूर पाणी पी, अडवून धरू नकोस, बाळाला धोका आहे. हे ऐकल्यावर आत्या तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये. आत्याला भांडण मानवतं. लांबून ती दिसली तरी भाजीवाला भाव उतरवतो. किल्ली भिंतीवर खिळ्याला टांगा, एवढंच तिचं मागणं. मॅनेजरनं चहा मागवला, तिथेच तिला संशय यायला हवा होता. तो म्हणाला, खिळा कशाला, तुम्हीच ठेवा की. फक्त दिवसाचं काम पुरं झाल्याशिवाय लाइन सुटणार नाही.

आत्या किल्ली नाचवत घरी आली. आम्ही मंत्रीणबाईंना सलाम ठोकले.

चार दिवस बायका मोकळेपणानं गेल्या. पण कफ अडला की पुढचं सगळं अडतं, आणि लाइन रोज उशिरा सुटू लागली. कुणाचं पोर पाळणाघराच्या दारात ताटकळायचं, कुणाची बस चुकायची. सुपरवायझर आता हाताची घडी घालून गप्प उभा. बोलायच्या त्या बायकाच. कफवाली उठली की मागून यायचं, "निघाल्या राणीसरकार."

तिनं पाणी सोडलं. आत्यानं बाटली पुढे केली, तर तिनं ती मशीनखाली सरकवली.

"राहू द्या काकू. सगळ्या बघतात माझ्याकडे."

"बघू दे की. डोळे दिलेत त्यांना."

"तुम्हीपण बघता. माझ्याकडे नाही, घड्याळाकडे."

आत्यानं पुढची कॉलर उचलून सुईखाली धरली. भांडण असं अर्ध्यावर सोडणं आमच्या घराण्यात पूर्वी घडलेलं नाही.

पुढे कफवालीला सडकून ताप भरला. तिला दवाखान्यात ठेवलं. ती वाचली, बाळ राहिलं नाही.

आत्या पुन्हा केबिनमध्ये गेली. मॅनेजर हळहळला, अगदी मनापासून. मग हळूच म्हणाला, "पण किल्ली तर तुमच्याकडेच होती ना?"

कफाच्या मशीनवर आता दुसरी मुलगी बसते. पहिल्या दिवशी आत्यानं न विचारताच किल्ली तिच्यापुढे ठेवली. तिनं एकदा लाइनीवरून नजर फिरवली आणि हसून ती परत सरकवली. मला नाही लागत, म्हणाली.

किल्ली अजून आत्याच्याच पिशवीत असते. संध्याकाळी ती दार ढकलते, पिशवी कोपऱ्यात टाकते, आत किल्ली खणकते आणि आत्या चपलांसकट धावते. आम्ही भिंतीला चिकटून वाट देतो. एक्सप्रेसचं नाव कुणी काढत नाही.