मोडक्या बिस्किटांचे मानकरी

हे भगवंता, भूक तूच दिलीस, तहान तूच दिलीस, आणि देहात आलेले नको ते बाहेर टाकण्याची सोयही तूच केलीस! पहिल्या दोन देणग्यांची स्तोत्रे माणूस आनंदाने गातो. तिसरीची आठवण मात्र ती बिघडली म्हणजेच काढतो. तुझ्या त्या तिसऱ्या कृपेलाही आज साष्टांग नमस्कार, आणि आता कथा भट्टीमामांची.

भट्टीमामा म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीचे मुख्य कारागीर. लांब दांड्याने पत्र्याचे ट्रे भट्टीत सरकवावेत, नुसत्या वासावरून रंग चढल्याचे ओळखावे आणि क्षणाचाही उशीर न लावता ट्रे बाहेर ओढावेत, यात त्यांचा उभा जन्म गेला. देह गोल, मन सरळ, आणि अन्नावर श्रद्धा अशी, की कणभर पीठ सांडले तरी स्वतःचाच अपराध झाल्यासारखे हळहळत.

त्या बेकरीत एक जुना शिरस्ता होता : मोडलेले मोजायचे नाही. ट्रेमधून काढताना जे बिस्कीट तुटे, ते विक्रीला जात नसे, हिशेबात येत नसे. भट्टीशेजारच्या थाळ्यात पडे. ज्याला हवे त्याने खावे. बाकीचे कारागीर एखादा तुकडा तोंडात टाकत आणि विसरत. मामांना विसरणे जमेना. थाळ्यात काही उरले की त्यांचा जीव तुटे. मग येता एक कोपरा, जाता एक कड, उरलेला चुरा खिशात, आणि खिशातला वाटेने तोंडात. मोडलेले मोजायचे नाही, हा बेकरीचा नियम त्या भाबड्या जिवाने आपल्या पोटालाही लावून टाकला होता!

पोटाने तो मान्य केला की नाही, हे त्यांनी कधी विचारले नाही. उत्तर मात्र रात्री मिळू लागले. डोळा लागतो न लागतो तोच उठायचे, चपला शोधायच्या, न्हाणीघराची कडी वाजवायची. परत यावे, पांघरूण घ्यावे, की पुन्हा बोलावणे!

"अहो, झोपायला येता की गस्त घालायला?" मामी उशीत तोंड खुपसून विचारत.

"वयाचं आहे गं ते. पाणी जास्त होतंय, दुसरं काय?"

एकदा निदान झाले म्हणजे उपायाला कितीसा वेळ! मामांनी दुपारनंतर पाणी सोडले. घसा कोरडा पडला की त्याऐवजी चहा घेत, चांगला गोड. "चहा म्हणजे काय पाणी आहे का?" असा त्यांचा बिनतोड सवाल होता. दिवसेंदिवस तहान वाढत गेली, रात्रीच्या फेऱ्याही वाढत गेल्या.

हे सारे हसण्यावारी गेले असते. पण दूरच्या शहरी दिलेल्या लेकीला मुलगी झाली होती. तिकडे जाणारी एकच बस. ती रात्रभर धावे आणि मध्ये एकदाच थांबे. मामा जाणे पुढे ढकलत राहिले. कधी भट्टीची दुरुस्ती, कधी गुडघा, कधी कारागीर रजेवर, अशी कारणे ते पुढे करत. खरे कारण लेकीला सांगावे कसे?

एकदा फोनवर ती म्हणाली, "बाबा, ती कुशीवर वळायला लागली. रांगत तुमच्याकडे येईपर्यंत वाट बघणार आहात का?"

फोन ठेवून मामा बोटांवर नातीचे महिने मोजत बसले. मामींनी ते पाहिले. त्याच सकाळी त्यांनी आणखीही काही पाहिले होते : न्हाणीघराच्या मोरीशी मुंग्यांची रांग.

"उठा. डॉक्टरबाईंकडे चला."

"मुंग्यांसाठी डॉक्टर?"

"मुंग्यांना कळलं ते तुम्हाला कळेना, म्हणून."

डॉक्टरबाईंनी तपासण्या करवल्या, लघवीच्या वाटेत गाठबिठ काही नाही याची खात्री केली आणि विचारले, "मामा, गोड किती खाता?"

"वर्ज्य! पाहुण्यांकडेसुद्धा बशी मागे सारतो."

"डॉक्टरबाई, यांचा एप्रन मी धुते," मामी म्हणाल्या. "खिसा उलटा केला की चुऱ्याचा ढीग पडतो."

"अगं, ती मोडलेली बिस्किटं! ती काय खाण्यात धरायची?"

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्या बेकरीचा नियम रक्ताला कुणी कळवला नाही वाटतं! हे बघा, मैदा न् साखर पोटात गेली की रक्तातली साखर वाढते. तिला पेशींनी आत घ्यावं म्हणून इन्सुलिन दारावर थाप मारतं. तुमचं खाणं दिवसभर, म्हणून थापाही दिवसभर. शेवटी आतल्यांनी कानच बंद केले. साखर रक्तात साचली, आणि मूत्रपिंडं ती पाण्याबरोबर बाहेर ढकलतायत. म्हणून लघवी, म्हणून तहान. पाणी तोडलंत, ते उलटंच केलंत."

"म्हणजे पाण्याचा दोष नाही?" मामांचा आवाज ओला झाला, जणू निरपराध माणसाला त्यांनी तुरुंगात डांबले होते.

गोळी मिळाली, जेवणानंतर चालणे ठरले, गोड चहा सुटला. पण दारापर्यंत जाऊन मामा परत फिरले. "मोडलेल्यांचं काय करू? टाकू?"

"जगातलं सगळं मोडलेलं तुमच्याच पोटात जमा करायचं, असा देवाने ठेका दिलाय का तुम्हाला?" मामींनी विचारले आणि वाट काढली. मागच्या गल्लीत एका बाईंनी कोंबड्या पाळल्या होत्या. थाळ्यातला थोडा चुरा त्यांच्या दाण्यात मिसळू लागला, उरलेले तुकडे बेकरीतली मंडळी वाटून नेऊ लागली.

सोपे नव्हते. जिभेने लवकर माघार घेतली. हात मात्र हट्टी, नकळत थाळ्याकडे वळे. मग भट्टीवरून ओरड उठे, "मामा, कोंबड्यांच्या तोंडचा घास!" आणि मामा लाजून हात पाठीमागे बांधत.

पुढच्या तपासणीला आकडे उतरले. न्हाणीघराची कडीही रात्रीची गप्प राहू लागली. तरी बसचे तिकीट काढताना मामांनी दाराजवळचीच जागा मागितली, आणि चालकाला दोनदा विचारले, "गाडी नक्की थांबते ना?"

गाडी थांबली. दिवे लागले, सारे उतरले. मामींनी कोपर मारले. "अहो, उठा! थांबलीय. जाऊन या."

"कुठे?" मामांनी डोळे न उघडता विचारले, कूस बदलली आणि घोरू लागले.

मामी एकट्याच उतरल्या, हसत हसत. सकाळी लेकीने दारात तान्हुलीला मामांच्या हातांत दिले, तेव्हा त्या चिमुरडीने आजोबांचे बोट धरून थेट तोंडात घातले. "बघा," मामी म्हणाल्या, "मोडलेलं बिस्कीट शोधतेय! घराण्याची सवय."

देवा, या भोळ्या जिवाच्या भट्टीला ऊब दे, पण रक्ताला गारवा दे. त्याच्या मामीची जीभ अशीच धारदार आणि झोप अशीच सलग ठेव. लेकीच्या घरी नात हसत राहो, मागच्या गल्लीत कोंबड्या तृप्त राहोत, आणि या घराच्या न्हाणीघराकडे मुंग्यांची वाट पुन्हा कधी न वळो!