मियासाकांचा रविवार

सोपानभाऊ गराडे समोर ठेवलेल्या कुठल्याही वस्तूच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवून बघत. डबा असो, चमचा असो, लग्नातलं ताट असो. कड बोचली की म्हणत, "हितं घाई केलीया कुणीतरी." सुदुंबऱ्याजवळच्या आमच्या कारखान्यात ते टूलरूममध्ये फिटर होते. पत्रा कापणाऱ्या डाय बसवण्यात त्यांची तीस वर्षं गेली. परंदवडीला घर आणि दोन एकर भाताचं रान. मला ते ताई म्हणायचे, मी त्यांना भाऊ. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. मला मात्र त्यांचा हेवा वाटायचा, आणि त्या हेव्यापायी मी एकदा काय केलं, हे सांगितल्याशिवाय मला त्यांच्याविषयी बोलता येणार नाही.

एका नव्या डायसाठी आम्हा दोघांना दहा दिवस जपानला पाठवलं. नागानो प्रांतातलं डोंगरातलं छोटं गाव. मी लोणावळ्याहून दर शनिवार-रविवार पुण्याला जाऊन दोन वर्षं जपानी शिकले होते, परीक्षा दिली होती. माझ्यावाचून तिथे पान हलणार नाही, अशी माझी समजूत होती. भाऊंचा पासपोर्ट तर घाईघाईने काढावा लागला होता.

पहिल्याच दिवशी पत्र्याच्या कडेला बारीक काटे यायला लागले. तिथल्या कारखान्याने निवृत्त झालेल्या मियासाका नावाच्या म्हाताऱ्या कारागिराला मुद्दाम बोलावून घेतलं. ते आले आणि तुकडा उचलून त्यांनी कडेवरून नख फिरवलं. भाऊंनी दुसरा तुकडा उचलून तेच केलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी वही उघडून पाठ केलेले शब्द शोधत होते, तोवर ते दोघं डायखाली वाकलेसुद्धा होते. मध्येच मी भाषांतर करायला गेले, तर भाऊ म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई, कळतंय आमाला."

ते "आमाला" माझ्या मनाला लागलं.

जेवणाच्या वेळीही तेच. काड्यांनी खायचा सराव मी घरी महिनाभर केला होता. कुट्टूच्या पिठाच्या गार शेवया, सोबा म्हणतात त्यांना, त्या मी अगदी रीतसर खाल्ल्या. कुणाचं लक्ष नव्हतं. भाऊंनी काड्या मुठीत धरून भुरके मारले, तर सगळं टेबल खूश. मग गोडसर सॉसमध्ये शिजवलेले नाकतोडे आले. माझा हात पुढे होईना. भाऊंनी एक उचलून निरखला. "आरं, ह्यो तर आपल्या भातावरचाच! आमच्याकडं ह्ये भात खात्यात, तुमी ह्येंनाच खाल्लं व्हय?" आणि टाकला तोंडात. हे मी भाषांतर करून सांगितल्यावर मियासाका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पण ते हसू माझ्या जपानीसाठी नव्हतं.

शनिवारी डाय पास झाली. निघताना मियासाका माझ्याशी सावकाश, मला कळेल असं बोलले. उद्या माझ्या शेतात भाताची लावणी आहे. गराडे-सानना घेऊन या. बायको ओयाकी करणार आहे. दहा वाजता स्टेशनवर वाट बघतो. आणि शेवटी, "तुम्हीही या. बोलायला कुणी हवं."

मी मान हलवली. ते वाकून नमस्कार करून गेले.

"काय म्हनला म्हातारा?" भाऊंनी विचारलं.

"काही नाही. उद्या आराम करा म्हणाले."

इतकं सोपं होतं ते.

रविवारी मी भाऊंना मात्सुमोतोचा काळा किल्ला दाखवायला नेलं. ही जागा मी पुण्यात शिकत असतानाच ठरवून ठेवली होती. उभ्या लाकडी जिन्यांवरून भाऊ गुडघा धरत चढले. वर पोचल्यावर खिडकीतून लांबवर बघत राहिले. "लावणी चाललीया बगा तिकडं. हात घालावा वाटतोय चिखलात." घड्याळात अकरा वाजून गेले होते. मी म्हटलं, "चला, फोटो काढू."

सोमवारी सकाळी मियासाका कापडात बांधलेलं गाठोडं घेऊन आले. दोन तास थांबलो, म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता, काळजीचा होता. काही झालं तर नाही ना?

"रविवार" आणि "स्टेशन" हे शब्द भाऊंना दहा दिवसांत कळायला लागले होते. त्यांनी गाठोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फार वेळ नाही. म्हणाले, "सांगा त्येंना, तुमी मला सांगितलं व्हतं. मीच इसरलो. माफी मागा माज्याकडनं."

आणि मी मागितली. अतिशय शुद्ध, परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते अशा जपानीत. भाऊ कमरेत वाकून उभे राहिले.

ओयाकी म्हणजे आत पालेभाजी भरलेला, तव्यावर भाजलेला जाड गोळा. गार झाला होता. भाऊंनी पहिला माझ्या हातात ठेवला. त्या क्षणीही मला त्यांचा हेवाच वाटला. असं वागणं कुठे शिकायला मिळत नाही, त्याची परीक्षा नसते.

परतल्यावर त्यांनी हा विषय काढला नाही. मीही नाही. पुढच्या खेपेला जपानहून त्यांचंच नाव मागितलं गेलं, पण गुडघ्यामुळे ते गेले नाहीत. ते निवृत्त झाल्यावर मी परंदवडीला गेले. बांधावर बसून सगळं सांगितलं. "ठाऊक हाय," असं म्हणून ते सोडून देतील, अशी माझी अपेक्षा होती.

"ताई, तुमी लय वाईट केलं," ते म्हणाले. "मानूस दोन तास हुबा व्हता. म्या झाकलं, त्ये बी चुकलंच. आता लिवा त्येला, खरं काय त्ये."

चार वेळा कागद फाडून मी ते पत्र लिहिलं. महिन्याने माझ्या पत्त्यावर उत्तर आलं. पाकिटावर नाव सोपानभाऊंचं. मी ते घेऊन परंदवडीला गेले आणि ओसरीवर मराठी करत वाचून दाखवलं. "तुम्ही विसरला नव्हता, हे मला त्याच सकाळी कळलं होतं. विसरलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो. पण तुम्ही कुणाला तरी सांभाळत होता, म्हणून मी विचारलं नाही. त्या रविवारी लावणी उशिरा सुरू झाली, तरी पीक चांगलं आलं. गुडघा कसा आहे?"

भाऊ डोळे मिटून ऐकत होते. "परत वाचा," म्हणाले.

मी परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. पत्र त्या दोघांचं होतं. आवाज तेवढा माझा होता.