जांभळं पाणी, आणि शैला

तुम्ही आमची गाणी ऐकली असतील, म्हणून तुमच्याशीच बोलतोय. हे बायकोला ठाऊक नाही, बँडमधल्या पोरांना नाही. आणि ज्या दोघांना सांगायला हवं होतं — त्यांना तर नाहीच.

बँडचं 'जांभळं पाणी' हे नाव कसं सुचलं, असं मला प्रत्येक मुलाखतीत विचारतात. मी सांगतो — पालेगावकडे भटकताना नाल्याचं रंगीत पाणी दिसलं आणि सुचलं झटकन. लोक टाळ्या वाजवतात. खोटं आहे ते.

नाव शैलाचं. शैला पवार. अंबरनाथला, शिवमंदिराच्या रस्त्यावर आमच्या बिल्डिंगमागच्या चाळीत राहायची. वडील एमआयडीसीत ऑपरेटर. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. उल्हासनगरला हरेशच्या वडिलांचं फर्निचरचं गोडाऊन होतं, तिथे आमची प्रॅक्टिस चालायची. हरेश ड्रमवर, मी गिटारवर, आणि गायची शैला. घरी सांगायची — टायपिंगच्या क्लासला जाते.

एकदा ती आली ती भिजलेली सलवार सांभाळत. नाल्यावरच्या फळीवरून पाय घसरला होता, आणि वर कुठल्याशा कारखान्यानं रंग सोडलेला. आम्ही हसलो.

"हसताय काय? जांभळं पाणी आहे ते, धुतलं तरी जायचं नाही!"

हरेशनं ड्रमवर काठी आपटली. "बस्स! यही नाम है अपना. जांभळं पाणी!"

इतकंच. माझा त्यात काहीच वाटा नव्हता.

तिचा आवाज कसा सांगू? जाडसर, किंचित खरखरीत. माझी चाल तिनं पहिल्यांदा गायली तेव्हा मी वाजवायचंच विसरलो. पण गाणी मी बांधायचो ना — मग मीच गावं, असं मला वाटायचं. एकदा बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "तू गिटारच वाजव रे, किती छान वाजवतोस." प्रेमानं म्हणाली. मला ते लागलं. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस असं करतो? मी केलं.

बदलापूरच्या एका हॉलमध्ये आमचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला. हरेशनं खटपट करून मुंबईच्या एका कॅसेट कंपनीच्या माणसाला बोलावलं होतं. त्याच आठवड्यात पवारकाका मला रिक्षा स्टँडवर भेटले. पाळी संपवून आले होते, हातात डबा. मी — कसं सांगू — काळजीचा आवाज काढला. म्हणालो, "काका, तुम्हाला ठाऊक आहे ना? शैला क्लासला जात नाही. उल्हासनगरला गोडाऊनमध्ये असते. पोरं असतात तिथे." मीही त्यातलाच, हे नाही सांगितलं.

ते ओरडले नाहीत. डबा या हातातून त्या हातात घेतला. "बरं झालं सांगितलंस, बाळा. तू चांगल्या घरातला."

दुसऱ्या दिवसापासून शैला येईनाशी झाली. क्लास बंद, कॉलेजही बंद. बदलापूरला मी गायलो. त्या माणसाला आवडलं. कॅसेट निघाली. आमची सुरुवात ती अशी.

पुढे एकदा ती देवळाच्या पायऱ्यांवर भेटली. आई दोन पावलं पुढे होती. घाईघाईनं, हळू आवाजात तिनं विचारलं, "सुहास, घरी कुणी सांगितलं रे? हरेशनं ना? त्याच्या वडिलांना मी तिथे आलेली आवडायची नाही."

'नाही' म्हणायचं होतं फक्त. मी म्हणालो, "असेल."

पहिली चूक मत्सराची होती म्हणा. आणि ही? ही कशाची?

त्याच वर्षी तिचं लग्न लावून दिलं, जळगावकडे. निघण्याआधी हरेश तिला भेटायला चाळीत गेला होता. ती दारात आली नाही. तो कित्येक दिवस मला विचारायचा, "मैंने क्या किया यार? उसने बात क्यों बंद की?" मी तारा लावत बसायचो. दुसऱ्या कॅसेटनंतर त्यानं बँड सोडला आणि वडिलांच्या दुकानात बसू लागला.

नव्वदचं दशक संपता संपता जळगावला आमचा कार्यक्रम झाला. शैला आत भेटायला आली, सोबत मुलगी. मुलीला म्हणाली, "मी या बँडमध्ये होते गं." मुलगी हसली, तिला खरं वाटेना. शैलानं माझ्याकडे पाहिलं — मी सांगावं म्हणून.

"हो, यायची ना कधीकधी प्रॅक्टिसला," मी म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. निघताना वळून म्हणाली, "हरेश भेटला तर सांग, मी राग सोडलाय. लहान होतो रे आपण सगळेच."

"सांगतो," म्हणालो.

नाही सांगितलं. हरेशच्या दुकानात अधूनमधून जातो. तो चहा मागवतो, नव्या गाण्यांचं कौतुक करतो. काय सांगू त्याला — तिनं कुठला राग सोडला?

मी तिच्याहून बरा गात असतो, तर निदान तेवढं तरी म्हणता आलं असतं. तसं नव्हतं. आणि रिक्षा स्टँडवर उभा होतो तेव्हाही मला ते पक्कं ठाऊक होतं.