ताट धुऊन पिणारी आत्या

नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं आणि मी स्वतःला परभणीतला मोठा साहेब समजायला लागलो होतो. खरा साहेब वेगळाच होता. मला कायम करायचा कागद महिनाभर त्याच्या टेबलावर पडून होता, आणि मी रोज त्या कागदाकडं चोरून बघत फायली उचलत होतो.

तशात चुडाव्याहून आत्या आली. तिनं जन्मात हॉटेलात पाय ठेवला नव्हता. मागच्या खेपेला तिला न्यायचं ठरवलं, तर नामांतराचा बंद निघाला आणि सगळी शटरं खाली. म्हणून या शनिवारी मी आईला जाहीर करून टाकलं, "आज आत्याला मसाला डोसा!"

आधी आम्ही तिघं गुजरीच्या बाजारात हिंडलो. आत्यानं दर टोपलीतली बोरं चाखून पाहिली आणि एकीचीही घेतली नाहीत. बाया तिला बोल लावत होत्या आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून चार पावलं पुढं चालत होतो, जणू यांच्यातला नव्हेच. काय तो रुबाब!

हॉटेलात फॅमिली रूम होती, म्हणजे पडद्याआड चार टेबलं. मी वेटरला ऐटीत हिंदीत ऑर्डर दिली. तो मराठीतच म्हणाला, "बरं, बसा." डोसा आला. आत्यानं उलटापालटा करून पाहिला.

"धिरडंच की रे हे. एवढं सोंग कशाला?"

एवढ्यात पडदा सरकला आणि बायकोसोबत साहेब आत आले, नेमके शेजारच्या टेबलावर. मी अर्धा उठून नमस्कार केला, तो करताना सांबार सांडलं.

आम्ही लिंगायत. खाणं झालं की ताटात पाणी ओतायचं, बोटानं फिरवायचं आणि पिऊन टाकायचं. अन्न म्हणजे प्रसाद, त्याचा कण वाया घालवायचा नाही. घरी मीही हेच करत वाढलो. पण हॉटेलात? मी टेबलाखालून आत्याच्या पायाला पाय लावला. तिनं पाय बाजूला घेतला, ग्लासातलं पाणी ताटात ओतलं आणि दोन्ही हातांनी ताट तोंडाला लावलं.

साहेब बघतच राहिले. मग मला म्हणाले, "या कोण?"

"शेजारच्या आहेत, साहेब," मी म्हणालो. "म्हटलं, जरा शहर दाखवावं."

आईचा हात ताटातच थांबला. आई आजारी होती तेव्हा दोन वर्षं मला चुडाव्यात नेऊन सांभाळणाऱ्या आत्यानं माझ्याकडं एकदाच पाहिलं. मग पदर सावरून ती साहेबांना म्हणाली, "व्हय जी, शेजारचीच हाय मी. लय गुणाचं पोरगं हाय. परक्याला बी जीव लावतंय."

बाहेर आल्याबरोबर आईनं भर रस्त्यात माझी बिनपाण्यानं केली. "सख्ख्या आत्याला शेजारीण म्हणतोस? जीभ कशी झडली न्हाई तुझी?"

"जाऊ दे गं वैनी," आत्या म्हणाली. "नोकरी पक्की होऊ दे त्याची. मंग म्हणंल की आत्या."

रविवारी ती गेली. सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. माझा कागद त्यांच्या समोरच होता.

"त्या तुमच्या शेजारच्या बाई," ते म्हणाले, "ताट धुऊन प्यायल्या ना? माझी आई असंच करायची. ती गेल्यापासून कुणाला तसं करताना पाहिलं नव्हतं. शनिवारी रात्री जेवणच गेलं नाही मला." मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "घरात असं माणूस असायला नशीब लागतं हो. तुमच्याकडं आहे का कुणी?"

देवानं खरं बोलायची संधी अगदी ताटात वाढून दिली होती. पण शनिवारचं खोटं उघडं पडलं असतं ना!

"नाही, साहेब," मी म्हणालो, आणि त्यांनी सही केली.