बर्फ घालू नये

गेल्या महिन्यात सकाळी दात घासत होतो, तेव्हा सुधाकरच्या बायकोचा, शोभावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले..." मी जन्माचा थापाड्या. खाडीत मगरीशी केलेली कुस्ती मी नाहूरमधल्या तीन पिढ्यांना ऐकवली आहे आणि दर पिढीला मगर हातभर वाढली आहे. पण त्या सकाळी तोंडात फेस तसाच घेऊन मी चपला शोधत होतो.

सुधाकर आणि मी दिंडोशीच्या एकाच वसाहतीत वाढलो. पुढे तो अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत लागला आणि तिथे शोधत काय बसला, तर पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी. घेऊ तोवर शुक्रजंतूंचं पोहणं बंद, सोडली की पुन्हा सुरू. वसाहतीतले बाप्ये त्याला बघून रस्ता बदलायचे, जणू हात मिळवला तरी वंश बुडणार होता. चाचणीला माणसं मिळेनात. मी छाती ठोकून म्हणालो, माझं नाव लिही. आमच्या हिनं माझ्याआधी मान डोलावली.

तीन महिने गोळ्या झाल्या. मग घरून नमुना न्यायचा होता. डबी शर्टाच्या आत, अंगाच्या उबेत आणावी, असं कागदावर छापलेलं. कागद वाचतो कोण? मासळी असो की लस, टिकवायचं ते बर्फात, एवढी माझी अक्कल. घरच्या लाल थर्मासात बर्फ भरला, त्यात डबी खोचली आणि कुणाचं तरी काळीज घेऊन निघाल्याच्या थाटात रिक्षा पळवली. दारातच डबी पुसून आत दिली.

संध्याकाळी सुधाकरनं घरी बोलावलं. मी हापिसातून तसाच गेलो, थर्मास पिशवीतच. वहिनींनी शिरा केला होता. "एकही हलत नाहीये रे," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. मग त्यानं त्याच्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं सांगितलं... इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दोन मुलांनंतर तिला नसबंदीच्या शिबिरात नेलं, ती परत आलीच नाही. तिचा नवरा बाहेर बिडी ओढत बसला होता. तू करून घेतोस का, असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. सुधाकर तेव्हा सातवीत. "उबेत आणलेला नमुना, तरी निपचित! आक्का असायला हवी होती."

उबेत... मी शिऱ्याची बशी खाली ठेवली. गप्प राहिलो असतो तर जन्मातली सगळ्यात मोठी थाप तोंड न उघडता मारून झाली असती. मी थर्मास टेबलावर ठेवला. "सुध्या, मी बर्फात आणला."

त्यानं थर्मासचं झाकण उघडून आत पाहिलं. "सगळा जन्म थापा मारल्यास, आणि आजच..." त्यानं वही काढून एक ओळ खोडली. मग हळूच म्हणाला, "बरं केलंस."

दुसरा नमुना छातीशी धरून नेला. सगळे विसर्जनाला निघाल्यासारखे जोरात होते. त्यानं तेही लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नवं रसायन घेऊन बसला. शेवटपर्यंत बसतच राहिला. गोळी अजून आलेली नाही.

परवा वहिनींकडे गेलो. त्या संध्याकाळी मी विसरून आलेला थर्मास त्याच टेबलावर होता. सुधाकर रोज त्यातून चहा न्यायचा म्हणे. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर असते तशी चिठ्ठी झाकणाला, त्याच्या बारीक अक्षरात: 'बर्फ घालू नये.' वहिनींनी त्यात चहा भरला आणि म्हणाल्या, "न्या, तुमचाच आहे."

नाहूर येईस्तोवर रिक्षात मी तो शर्टाच्या आत, अंगाशी धरून बसलो होतो.