आधी मूळ, मग राम राम

हर्सूलला माझ्या घराला लागूनच एका शेतकऱ्याचा भाजीचा मळा आहे. भेटला की तो आधी माझ्या दारातलं एखादं रोप उपटायचा, उलटं धरून अंगठ्यानं मुळांवरची माती पुसायचा आणि मगच राम राम घालायचा. माझ्या कितीतरी मिरच्या अशाच गेल्या. रागावलो तर म्हणायचा, "वरून हिरवंगार दिसतंय भाऊ, पण निमॅटोड, डोळ्याला न दिसणारा किडा, मुळं खालून खातो."

या किड्यानं त्याच्या वांग्यांच्या मुळांना दरवर्षी गाठी यायच्या. झेंडूच्या मुळांनी ही कीड हटते असं कळल्यावर गेल्या वर्षी त्यानं भाजी बंद केली आणि सगळ्या रानात झेंडू लावला. दसऱ्याला लोक फुलं मागायला आले, तर हा ओरडला, "इकायला नाय लावलं! मातीचं औषध हाये हे." भर फुलातला झेंडू मातीत गाडायला त्यानं शेजारच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टरला जोडायचा रोटाव्हेटर आणला. तो थेट त्या शेतकऱ्याच्या टोमॅटोच्या रानातून आला, पात्यांना चिकटलेल्या मातीसकट.

यंदा वांगी फुलावर आली, तेव्हा मी बांधावर होतो. त्यानं एक झाड उपटलं, मूळ पुसलं आणि बघतच राहिला. गाठीच गाठी.

"रोटाव्हेटरबरोबर त्याच्या रानातली किडकी माती आली, भाऊ. पाती धुवायचं सुचलंच नाय."

पलीकडं त्याची बायको खुरपत होती. तिनं मान वर करायच्या आत त्यानं झाड परत खड्ड्यात ठेवलं आणि पायानं माती दाबली.

काल माझी मिरची पिवळी पडली होती. तो येताना दिसला, तसा मी मुद्दाम तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. त्यानं मिरचीकडं बघितलं, नुसतं राम राम म्हटलं आणि पुढं गेला.